निळ्या डब्यातला सरस

“किती घासशील गं… कातडी निघेल आता!”

अप्पा मोरीच्या दाराशी काठी टेकून उभे होते. त्यांना दिसत काहीच नव्हतं; काचबिंदूने उजेड आणि अंधार एवढाच फरक शिल्लक ठेवला होता. पण ब्रशचा आवाज त्यांनी बरोबर मोजला होता. सकाळपासूनची ही तिसरी खेप!

नखांच्या कडांना ब्रश रेटत ताई घासत राहिली. आधी साबण, मग सोडा, मग लिंबाची अर्धी फोड… अंगठ्याच्या कडेला रक्ताचा ठिपका आला तेव्हा ती थांबली, दोन्ही हात नाकाशी नेले आणि शिसारी येऊन तिने तोंड फिरवलं. होता! साबणाच्या आणि लिंबाच्या खाली, बाटलीच्या तळाशी बसलेल्या गाळासारखा, तो वास तसाच होता!

सरसाचा वास. हाडं आणि कातडी चुन्याच्या पाण्यात मुरवून, मग मोठ्या कढयांत तासन्‌तास उकळून जो चिकट रस निघतो, त्याचा वास. एकोणीस वर्षं ती त्या कारखान्याच्या तपासणीखोलीत काम करत होती. प्रत्येक कढईचा नमुना तिच्यासमोर यायचा. ती त्याचा दाटपणा मोजायची, थंड करून थिजलेल्या चकतीवर बोट दाबून बघायची आणि शेवटी वास घ्यायची. कुठल्या कढईत हाड जुनं होतं, कुठल्या कढईला आच जास्त लागली, कुठे चुना नीट धुतला गेला नाही, हे यंत्राच्या आधी तिला कळायचं. कामगार तिला ‘नाकबाई’ म्हणत, आणि ते कौतुकानेच म्हणत. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर त्या कौतुकाचा काय उपयोग? बाहेर लोक फक्त नाक मुरडत.

“मी तुम्हाला दारापर्यंत सोडेन, अप्पा,” हात पुसत ती म्हणाली. “नाट्यगृहाच्या दारापर्यंत. आत बसवायला कुणीतरी भेटेलच. मी बाहेर बाकावर बसेन.”

“आणि मला दिसणार कसं?”

“तुम्हाला असंही…” तिने जीभ चावली.

“दिसत नाही, हेच ना? अगं, मग सांगायला नको का कुणी? स्टेजवर काय चाललंय ते माझ्या कानात कोण सांगणार? तिकीट फाडणारा?” अप्पा हसले, पण हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. “दोघी पोरी एका छपराखाली आहेत, एवढं तरी एकदा कळू दे मला. मग डोळे काय… डोळे मिटले तरी चालतील!”

ताईने ब्रश कोनाड्यात आदळला. अप्पांचे हे अश्रू, ही विनवणी, आणि त्या विनवणीच्या दुसऱ्या टोकाला उभी असलेली ती… भिंगरी!

भिंगरी तिची धाकटी बहीण. लहानपणी घरभर गिरक्या घेत फिरायची म्हणून भिंगरी. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि ताई बावीसची. रसायनशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी ताईला प्रवेश मिळाला होता. पत्र आलं होतं, तारीख ठरली होती. पण अप्पा पुस्तकबांधणीच्या कामात शिवणीचे टाके चुकवू लागले होते, डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. ताईने ते पत्र घडी घालून एका जाड पुस्तकात ठेवलं आणि सरसाच्या कारखान्यात अर्ज केला. त्या पगारावर घर चाललं. त्या पगारावर भिंगरी बॅले शिकली. तिच्या साटिनच्या बुटांना फिती शिवायच्या त्या ताईनेच, दिवसपाळी संपवून, जेवणाच्या टेबलाशी बसून. ताईला एकदा स्थळही आलं होतं. गृहस्थ सज्जन होते. पहिल्या भेटीत समोर बसले, दुसऱ्या भेटीत खिडकीजवळ, तिसऱ्या भेटीला आलेच नाहीत.

आणि चार वर्षांपूर्वी, एका मोठ्या प्रयोगाच्या दिवशी, भिंगरी फिती घरीच विसरली म्हणून ताई कारखान्यातून तशीच धावत नृत्यशाळेत गेली. कपडे बदलायच्या खोलीत दहा-बारा मुली होत्या. एकीने नाकाला ओढणी लावली. दुसरी खुदकन हसली. आणि भिंगरी… तिने वाढवलेली, न्हाऊ-माखू घातलेली भिंगरी… लालबुंद होऊन म्हणाली, “ताई, तू आत येऊ नकोस ना! सगळ्या कपड्यांना तुझा वास लागतो गं!”

ताईने फिती बाकावर ठेवल्या आणि ती निघून आली. त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. भिंगरी लांबच्या लहानशा गावात गेली, तिथे मुलांना शिकवू लागली, तिथल्या दहाबारा जणांना घेऊन प्रयोग बसवू लागली. अप्पांशी ती फोनवर बोलायची. ताई कामावर असताना. घरात तिचं नाव निघालं की ताईला मळमळायचं. अगदी खरीखुरी, शरीराची मळमळ. आंबलेल्या कढईचं झाकण उघडावं तशी!

“गाडी सात चाळीसची आहे,” ती कोरडेपणाने म्हणाली. “चप्पल घाला.”

डब्यात शिरताना तिने नेहमीप्रमाणे दाराजवळची जागा धरली. ही तिची वर्षानुवर्षांची सवय होती. कुणी तोंड वाकडं करण्याआधी आपणच उठून दाराशी उभं राहायचं. अपमान होण्याआधीच आपण होऊन जागा सोडली की तो अपमान थोडा कमी लागतो, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

सगळंच किळसवाणं होतं. आसनाच्या फटीत कुणीतरी सोललेल्या अंड्यांची टरफलं कोंबली होती. समोरचा माणूस दातांत अडकलेलं काही करंगळीच्या नखाने काढून, ते निरखून, पुन्हा तोंडात टाकत होता. शौचालयाचं दार दर वळणावर उघडत होतं आणि आतला उग्र दर्प डब्यात भपकन येत होता. त्या दर्पाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, पण अर्ध्या तासाने शेजारच्या बाईंनी भुवया आकसल्या, इकडेतिकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि न बोलता खिडकी वर केली.

ताई उठली. दाराशी जाऊन उभी राहिली.

“बस ना गं,” अप्पा चाचपडत म्हणाले.

“वारा बरा वाटतोय.”

“वाऱ्याचं निमित्त मला सांगू नकोस. वास काय फक्त तुलाच आहे? मी चाळीस वर्षं सरसाच्या भांड्याशी बसलो. तुझी आई म्हणायची, हे घरी आले की आधी यांचा वास येतो, मग हे येतात. म्हणायची आणि हसायची.”

“आई हसायची, अप्पा. सगळे हसत नाहीत.”

कोटाच्या खिशातली काहीतरी वस्तू अप्पा सारखी चाचपत होते. ताईला वाटलं तपकिरीची डबी असेल.

अडीच तासांनी ते गाव आलं. स्टेशनपासून नाट्यगृह पायी दहा मिनिटांवर होतं. उघड्या गटाराच्या कडेने रस्ता जात होता, आणि गटाराच्या पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग होता. नाट्यगृह म्हणजे नगरपालिकेची एक जुनी लांबट इमारत. आत फिनेलचा, ओल्या सतरंजीचा आणि तळणीच्या शिळ्या तेलाचा मिळून एक चौथाच वास तयार झाला होता. दारावर हाताने रंगवलेला फलक होता: ‘एका दिवसाची पाखरं’. खाली बारीक अक्षरांत भिंगरीचं नाव.

ताईला बाहेरच बसायचं होतं. पण अप्पांनी तिचं मनगट असं घट्ट धरलं होतं, जणू पुरात ओंडका धरलाय. तिकीट फाडणारा म्हणाला, “काका चौथ्या रांगेत, मुलगी त्यांच्या शेजारी.” ती आत गेली.

पडदा वर गेला. स्टेजवर चिखलाच्या रंगाचं कापड पसरलं होतं आणि त्याखाली काहीतरी वळवळत होतं.

“काय दिसतंय?” अप्पा कुजबुजले.

“चिखल. आणि अळ्या.”

“अळ्या?”

“अळ्याच की. नदीतल्या. एक पाखरू असतं, अप्पा, ते दोन वर्षं पाण्याखालच्या गाळात अळी होऊन राहतं आणि मग फक्त एक दिवस उडतं. त्याला तोंड नसतं, खाता येत नाही. दिवस संपला की मरतं.” सांगता सांगता ताईचा आवाज अडखळला. हे तिनेच तर सांगितलं होतं! भिंगरी दहा वर्षांची असताना, फिती शिवता शिवता, आपल्या जुन्या पुस्तकातलं चित्र दाखवून! आणि भिंगरीने विचारलं होतं, “मग त्यांना गाळात कंटाळा येत नाही का गं, ताई?”

पोरीने तेवढं लक्षात ठेवलं होतं. ताईच्या मनात कुठेतरी काहीतरी हललं. पण तिने ते दाबून टाकलं. लक्षात ठेवलं ते पाखरू! ज्या हातांनी चित्र दाखवलं, ते हात लक्षात ठेवायला काय झालं होतं?

कापड फाडून भिंगरी वर आली. किती बारीक झाली होती! बरगड्या मोजता आल्या असत्या. तिने दोन्ही पायांची टोकं रोवली, अंगठ्यांच्या टोकांवर उभी राहिली आणि संथपणे एक पाय उचलू लागली. दिव्याच्या झोतात तिच्या हनुवटीवरून घाम ठिबकताना दिसत होता. लोक टाळ्या वाजवत होते. ताई पाहत होती, अप्पांच्या कानात सांगत होती, आणि तिच्या कुजबुजीत माया होती की चीड, हे तिचं तिलाही उमगत नव्हतं.

आणि मग तो वास आला.

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला. मागून कुणीतरी पुटपुटलं, “काही मेलंय की काय इथे?” आलाच शेवटी! तीन वेळा घासून, नवे कपडे घालूनही आलाच! तिने हात मांड्यांखाली दडपले. उठून जावं, आत्ताच्या आत्ता पळून जावं… स्वतःच्या कातडीची, नखांची, केसांची तिला अशी घृणा वाटली, की ती सोलून टाकता आली असती तर तिने तिथेच सोलली असती!

ती अर्धवट उठलीही. आणि तशीच थबकली.

एकोणीस वर्षांच्या सवयीने तिचं नाक आपलं काम करत होतं. हा तिच्या अंगाचा वास नव्हता. अंगाला चिकटतो तो जुना, वाळलेला, चुनखडीसारखा. हा ताजा होता. कोमट. ओला. पातेल्यात भिजत घातलेला सरस नुकता फुगून मऊ पडू लागावा, तसा. आणि तो समोरून येत होता, स्टेजवरून!

“अप्पा,” ती हळूच म्हणाली, “इथे सरस कुठून आला?”

अप्पांचा हात कोटाच्या खिशावर गेला.

“अप्पा!”

“तिचे बूट…” अप्पा कसेबसे म्हणाले. “त्यांची टोकं आठवड्याभरात मऊ पडतात गं. नवे जोड इथे महिनेमहिने येत नाहीत. मला फोनवर रडत म्हणाली. मी म्हटलं, अगं, पुस्तकाचा पुठ्ठा मी सरसाने ताठ करतो, तुझं बुटाचं टोक काय चीज आहे! तुझा तो निळा डबा आहे ना, माळ्यावरचा… त्यातलाच पाठवत होतो. शेजारच्या मास्तरीणबाई टपालात टाकायच्या. चार वर्षं झाली.”

निळा डबा! सुतारांसाठी तिने स्वतः बसवलेलं मिश्रण होतं ते. सरसाच्या पुडीत मोजून तुरटी घातलेली, म्हणजे एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. चार वर्षं ती बहीण, जिला तिचा वास सहन होत नव्हता, तिच्याच सरसावर उभी होती!

“मग आज वास का येतोय? त्या सरसाला भिजल्यावर असा वास येत नाही.”

“निळा डबा संपला होता या वेळी. तुला विचारायची सोय नाही. मग माझा पाठवला. माझ्या बरणीतला, पुस्तकबांधणीचा, अगदी पारदर्शक. एक नंबरचा माल, म्हटलं आज मोठा प्रयोग आहे, पोरीला उत्तमातला उत्तम…” बोलता बोलता त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आलं होतं. पुस्तकबांधणीचा सरस मुद्दाम असाच असतो, की ओलसर वाफ दिली की तो सुटावा, पुस्तक पुन्हा उघडून पुन्हा शिवता यावं. चाळीस वर्षं ज्या गुणाचा त्यांनी अभिमान धरला, त्याच गुणावर त्यांनी आपल्या लेकीचा पाय ठेवला होता! “ताई… घामाने सुटेल गं तो! पडेल माझी पोर!”

त्याच क्षणी स्टेजवर भिंगरी किंचित डगमगली. प्रेक्षकांना कळलंही नसेल. ताईला कळलं. डाव्या बुटाचं टोक आत दबलं होतं.

पडदा पडला. मध्यंतराची घंटा झाली.

“इथून हलू नका,” ती म्हणाली आणि रांगेतून वाट काढत निघाली. पुढच्या अंकात पाखरू उडायचं होतं, म्हणजे सगळा भार एका पायाच्या टोकावर. घोटा मोडला तर नाच संपला. आणि भिंगरीचा नाच संपला तर… ताईचं आपलं काय उरणार होतं? एकोणीस वर्षं तिने गाळात काढली, ती कशासाठी?

मागच्या बाजूचं दार ढकलताच तीच खोली समोर आली. तीच नव्हती, पण तशीच: आरसे, पावडर, घामट कपड्यांचे ढीग, दहा-बारा मुली. तिचे पाय उंबरठ्यावर थिजले. चार वर्षांपूर्वीचं वाक्य कानांत तसंच्या तसं वाजलं…

“ई! कसला घाण वास येतोय?” एक मुलगी आरशातून म्हणाली. तिने ताईकडे पाहिलं. “कोण हो तुम्ही? आत यायला मनाई आहे.”

कोपऱ्यात स्टुलावर बसून भिंगरी बुटाची फीत सोडत होती. तिने मान वर केली. हातातली फीत सुटली.

“ताई?”

मग भिंगरी अडखळत उभी राहिली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझी ताई आहे ती. माझी आईच आहे म्हणा! ज्यांना वास सहन होत नसेल त्यांनी बाहेर जावं!”

ताईला ते ऐकू आलं, पण त्या वाक्याकडे पाहायला वेळ नव्हता. ती थेट तिच्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. “बोलू नकोस. बूट काढ. आतून मऊ लागतायत ना?”

“हो… मला वाटलं माझेच पाय थकलेत…”

बूट निघाला. भपकन वास आला. चार-पाच मुली मागे सरल्या. ताईने टोकात बोट घातलं. चिखल! कापडाचे थर एकमेकांवरून सरकत होते. आणि पाय… पावलं सोललेली, दोन बोटांची नखं काळीनिळी, घाम आणि सुटलेला सरस बोटांच्या बेचक्यांत साचून पांढरट झालेला. कुणालाही ओकारी आली असती. ताईने तो पाय आपल्या मांडीवर घेतला आणि नव्या साडीच्या पदराने पुसला.

“दुसरा जोड?”

“आहे, कोरडा आहे. पण तोही याच सरसाचा. रात्री—”

“असू दे. कोरडा आहे ना, मग सावरता येईल. तुरटी कुणाकडे आहे?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग रंगभूषा करणारे म्हातारे काका पुढे आले. “माझ्याकडे आहे. पोरांची दाढी करताना कापलं तर लावायला. पण बाई, तुरटीने बूट?”

“चेचून द्या. अर्धा पेला गरम पाणी आणि तुमची स्पिरिटची बाटली. केस वाळवायचं यंत्र कोण देतंय? आणि बाहेर सांगा, घंटा दहा मिनिटं उशिरा.”

“कुणी सांगितलं म्हणून सांगू?”

“नाकबाईंनी,” ताई म्हणाली. काका खो खो हसत पळाले.

तिचे हात आता स्थिर होते. तुरटीचं पाणी बुटाच्या टोकात कापसाने फिरवायचं. फक्त ओलावा लागेल इतकं, मुरेल इतकं नाही. वरून स्पिरिट, म्हणजे पाणी ओढून घेईल. मग गरम वारा, लांबून. जवळून धरला तर सरस तडकेल. ती मनात सेकंद मोजत होती. भिंगरी तिच्या वाकलेल्या मानेकडे पाहत होती.

“ताई…”

“पंचावन्न, छप्पन… काय?”

“मी त्या दिवशी जे बोलले…”

“हे धर. टोक वर ठेव.”

“ऐक ना गं!” भिंगरीच्या डोळ्यांतलं पाणी रंगावरून ओघळलं. “पहिल्यांदा अप्पांचं पाकीट आलं, मी सरस शिजवला, बूट वाळवले आणि पायात घातले, तेव्हा मला ओकारी आली. खोटं नाही सांगत. खिडकीशी जाऊन ओकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले. मग रोज. आणि एक दिवस सरावाच्या खोलीत एकटी होते, बूट गरम झाले, वास आला, आणि मला वाटलं तू आलीस कामावरून. मी मागे वळून पाहिलं, ताई! मागे वळून पाहिलं… कुणी नव्हतं.”

ताईच्या हातातलं यंत्र खाली आलं.

“मग फोन का नाही केलास?”

“कुठल्या तोंडाने?”

ताईला सांगायचं होतं, की चार वर्षं तुझं नाव निघालं की मला मळमळायचं; की मी तुझा फोटो कपाटात पालथा घालून ठेवलाय; की तुझी घृणा करताना मला माझीच जास्त घृणा आली. ती एवढंच म्हणाली, “मलाही तुझी किळस आली होती गं, भिंगरी. खूप. खोटं नाही सांगत.”

“येऊ दे,” भिंगरी हुंदका देत म्हणाली. “यायलाच हवी होती!” आणि तिने दोन्ही हातांनी ताईचे ते घासून सोललेले हात धरले, ओढून आपल्या तोंडाशी नेले आणि त्यांचा खोल, अगदी खोल श्वास घेतला…

“पुरे,” ताई हात सोडवून घेत म्हणाली. “रंग जाईल तुझा. पाय दे.”

तिने टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. कारखान्यात थिजलेल्या चकतीवर दाबायची तसं. दबलं नाही. मग तिने स्वतःच्या हाताने फिती बांधल्या, दोन वेढे, गाठ आतल्या बाजूला, नऊ वर्षांच्या पोरीला बांधायची तशीच.

“पंचवीस मिनिटं टिकेल. त्यापुढची हमी नाही.”

“पाखराला मरायला बावीसच लागतात,” भिंगरी डोळे पुसत हसली.

दुसऱ्या अंकात ताईने अप्पांना सगळं सांगितलं. पाखरू कसं वर आलं, पंख कसे ओले होते, कसे वाळले. भिंगरी एका पायाच्या टोकावर उभी राहिली तेव्हा तिने सांगणं थांबवलं आणि सेकंद मोजू लागली. अप्पांना तेवढ्यावरून कळलं. ते तिच्याबरोबर ओठांनी मोजू लागले. एकवीसला टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो आंधळा म्हातारा लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडू लागला. “उभी आहे ना? ताई, उभी आहे ना गं?”

“उभी आहे, अप्पा.”

शेजारच्या बाईंचा रुमाल अजून नाकालाच होता. ताईने पाहिलं आणि सोडून दिलं.

परतीच्या गाडीपर्यंत भिंगरी सोडायला आली. चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला, पायात रबरी चपला. अप्पांनी कोटाच्या खिशातून ती बरणी काढली, जी ते सकाळपासून चाचपत होते: राहिलेला सरस. लेकीला आणखी द्यावा म्हणून आणलेला! ओशाळून त्यांनी ती पुढे केली. भिंगरीने ती घेतली, ताईने तिच्या हातातून काढून घेतली.

“हा पुस्तकांना. तुझ्यासाठी निळा डबा भरते या आठवड्यात. टपालाने नाही. येऊन ने.”

“रविवारी येऊ?”

“रविवारी मी दुपारी तीनला कामावरून येते. त्याआधी आलीस तर अप्पांना चहा करून दे. फार साखर घालू नकोस.”

गाडी हलली. भिंगरी फलाटावरून थोडं अंतर लंगडत लंगडत बरोबर आली आणि मग मागे राहिली.

गाडीचा डबा गच्च भरला होता. ताई दाराजवळच्या नाही, मधल्या आसनावर बसली. अप्पांना खिडकी हवी होती. तिच्या मांडीवर कागदी पिशवी होती, आणि पिशवीत पहिल्या अंकाचे ते भिजलेले बूट. घरी नेऊन टोकं सोडवायची, नीट धुवायची, नव्याने बसवायची. उन्हाने तापलेल्या डब्यात पिशवी हळूहळू कोमट होत गेली.

अपेक्षेप्रमाणे ते झालं. समोरच्या गृहस्थांनी नाक मुरडलं. वर्तमानपत्र खाली केलं, आसनाखाली वाकून पाहिलं, शौचालयाच्या दाराकडे पाहिलं.

“काय हो, कसला वास येतोय हा?” ते वैतागून सगळ्यांना उद्देशून म्हणाले. “शिसारी आली अगदी!”

ताईचे पाय सवयीने उठण्यासाठी जमिनीवर रेटले गेले. दाराशी वारा होता, मोकळी जागा होती…

तिने पिशवी मांडीवर आणखी जवळ घेतली आणि पाठ आसनाला टेकली.

“आमचा आहे,” ती म्हणाली. “खिडकी उघडू का तुमच्यासाठी?”